मनोऱ्यावरचा डिटमार

प्रिय हेडविग,

डिटमारचे शेवटचे शब्द तू पुन्हा विचारलेस. पहिल्या महायुद्धात मी शाळेत शिकलेल्या वसंत ऋतूच्या कविता गुणगुणत तोफा डागल्या. दुसऱ्यात जनरल झालो आणि तुझा मुलगा डिटमार माझ्या तोफांना नेम सांगू लागला. त्या दिवशी चर्चच्या मनोऱ्यावरून तो फोनवर ओरडला, "मामा, रशियन खाली पोचलेत! मारा थांबवा, मी उतरतो!"

"मामा घरी. इथे मी कोण?"

"जनरलसाहेब... मामा, ऐका ना!"

"नीट बोल. गोळे कुठे टाकू?"

तो रडला. मग शिस्तीत म्हणाला, "माझ्यावरच, जनरलसाहेब."

पहिल्याच फैरीत मनोरा कोसळला. इतका सुंदर मारा मी आयुष्यात केला नाही. पण हे पत्र तुला पाठवणार नाही. तुला त्यातला नेम दिसणार नाही, मुलगाच दिसेल.

तुझा भाऊ,
लोथार