नकाशाबाहेरची लाईन

९ एप्रिल १९८७
फळा आज भिंतीवर चढला. सागाची चौकट, आत टाउनशिपचा नकाशा, प्रत्येक सेक्टरला वेगळा फिका रंग, गल्ली न् गल्ली. स्टील प्लांटच्या आरोग्य खात्यात अकरा वर्षं चाळीस रकान्यांचं रजिस्टर भरते आहे, ते कुणी उघडून पाहिल्याचं आठवत नाही. डॉ. साहेब म्हणाले होते, "मैडम, ऐसा कुछ बनाइए कि चाय पीते-पीते समझ में आ जाए." तर आता एक पेशंट, एक ठिपका. कावीळ पिवळा, हगवण हिरवा, मलेरिया लाल. पत्ता मेडिकल बुकावरून घ्यायचा, म्हणजे ज्याच्या नावावर जे क्वार्टर, ते. हा नियम माझाच.
रंगीत डोक्याच्या टाचण्या सिविक सेंटरच्या बाजारात मिळाल्या नाहीत. टिकल्यांची पाकिटं आणली. साहेब हसले. "नक्शे को भी सुहागन बना दिया आपने."

१५ एप्रिल
कूलरच्या ओलाव्यानं टिकल्या गळतात. डिंक लावला. शिपाई रोज सकाळी झाडूत सापडलेले पेशंट आणून देतो.
पण काम झालं! एका गल्लीत सहा हिरव्या ओळीनं लागल्या. पाण्याचे ओव्हरसियर सहीसाठी आले होते, उभ्याउभ्या बघून म्हणाले, "अरे, ये तो मेरी लाइन पर है." दुपारी खोदलं, पाइप फुटलेला निघाला. इतका आनंद मला मॅट्रिकच्या निकालाचाही झाला नव्हता. यांना सांगितलं तर म्हणाले, "मंग पगार वाढला काय?"

२२ एप्रिल
पिवळ्या पाच. पाच सेक्टरांत पाच, लांब लांब. साहेब म्हणाले, "झुंड नहीं बना, चिंता नहीं." मीही तेच म्हटलं.
संध्याकाळी घरी जाताना कुम्हारीच्या बसमध्ये मेश्रामबाई भेटल्या, नवऱ्याला कावीळ, चौथा दिवस. सकाळी त्यांच्या नवऱ्याचीच टिकली मी सेक्टर चारला लावली होती. आणि मेश्राम राहतात आमच्या घरापासून तिसऱ्या घरात.
घरी येऊन आमच्या घरांच्या लाईनीतून एक चक्कर मारली. पाचही आमच्याच लाईनीतले.

२३ एप्रिल
नीट लिहून काढते, डोकं जागेवर राहील.
कुम्हारीला आमची बारा घरं. सगळे प्लांटचे लोक, सगळ्यांची टाउनशिपमध्ये क्वार्टर, आणि क्वार्टरला कुणी ना कुणी नातेवाईक ठेवलेला. आमच्यात यांचा मामेभाऊ, बायको, दोन लहान मुली. कागदावर तिथे आम्हीच राहतो. हे कुणाला चूकसुद्धा वाटत नाही. क्वार्टर कुणी सोडतं का.
बारा घरांची विहीर एक, मोटार एक. पलीकडे गेल्या पावसाळ्याच्या आधी बांधलेलं नवं घर, त्याचा संडासाचा खड्डा विहिरीपासून पंधरा पावलं. पावलं मी आज मोजली.
म्हणजे एका विहिरीचे पेशंट माझा फळा पाच सेक्टरांत वाटून टाकतो. आणि कुम्हारी नकाशात नाहीच. नकाशा टाउनशिपच्या हद्दीशी संपतो, पुढे चौकट.
मला राग आला. आधी लोकांचा, मग स्वतःचा.

२४ एप्रिल
यांना सांगितलं. जेवण थांबवून ऐकलं, तेवढं बरं.
"हे पाय प्रभा, तुले फळा बनवाले सांगितला होता, लोकाइचे घरं उघडे पाडाले नाही. बाराच्या बारा लोकाइले मेमो भेटन. मामेभाऊ पोरी घेऊन कुठं जाईन? अन् आपण या लाईनीत तोंड कसं दाखवाचं?"
मी म्हटलं, शेजारच्या कटरे काकूंच्या सुनेला, ममताला, सातवा महिना आहे. पोटुशीला कावीळ झाली तर काय होतं ते मी रजिस्टरमध्ये लिहिलेलं आहे, दोनदा.
यांनी भाताला हात लावला नाही.

२७ एप्रिल
शेजारी जाऊन काकूंना म्हटलं, ममताले पाणी उकळून देत जा.
"बाळंतपणात देऊच न गरम पाणी. आता कावून? सिलिंडर काय झाडाले लागते?"
ममता आतून हसत होती. गोंदियाकडची पोर, लग्नाला दीड वर्ष. मला ताई म्हणते. माझ्याकडच्या पाकिटातली हिरवी टिकली मागून नेली. हगवणीची आहे हे सांगितलं नाही.

२९ एप्रिल
ओव्हरसियरना ब्लीचिंग पावडर मागितली, एका विहिरीपुरती.
"ले जाइए मैडम. पता बोलिए, रजिस्टर में चढ़ाना पड़ता है."
रिकाम्या हातानं परत आले. फाटा चुकवला तरी रस्ता त्याच दारात आणून सोडतो.

३० एप्रिल
काल बाजारातून पावडर आणली, रात्री विहिरीत माझ्या अंदाजानं टाकली. सकाळी सातला काकू दारात.
"अवं प्रभा, पाण्याले दवाखान्याचा वास येऊन राहिला. वरणही शिजत नाही त्यानं. कोण मेलं टाकून गेलं?"
मी मान खाली घालून भाजी निवडत राहिले. लाईनीनं मिळून दिवसभर मोटार चालवून विहीर उपसली. आता पुन्हा कुणी काही टाकू नये म्हणून झाकणाला कुलूप. किल्ली काकूंकडे.

५ मे
भोपाळची टीम पुढच्या शुक्रवारी फळा बघायला येणार. आवडला तर असेच फळे आणखी चार गावांत लागतील, पत्ता घ्यायच्या माझ्या नियमासकट. साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. टाळ्या वाजल्या.
पिवळ्या आता सात, नव्या दोनही आमच्याच लाईनीतल्या. सात सेक्टरांत. साहेब बोट फिरवून दाखवत होते, "देखिए, कहीं झुंड नहीं. पानी एकदम साफ." टाउनशिपचं पाणी साफच आहे हो. मी तिथं राहत नाही.

८ मे
यांच्याशी तीन दिवस बोलणं नाही. डबा भरते, हे नेतात, रिकामा आणतात. आज डब्यात चिठ्ठी. "मामेभावाले विचारलं. पोरीचं नाव शाळेत टाकलं म्हणते. दिवाळीपर्यंत थांब." दिवाळीपर्यंत! ममताचे दिवस जुलैत भरतात.
पाणी उकळून रोज एक कळशी शेजारी देते. काकू ती भांडी घासायला वापरतात.

११ मे
ममता कुंपणाशी उभी होती. दोन दिवस अन्नाचा वास नको वाटतो म्हणाली, अंगात कणकण. खालची पापणी ओढून माझ्यासमोर धरली.
"ताई, मले खरं सांगा. पिवळं दिसते काय?"
ऊन उतरत होतं. त्या उजेडात सगळंच पिवळं. मी म्हटलं, उद्या दवाखान्यात जा. काकू मागून म्हणाल्या, "जातो न, पोराचं मेडिकल बुक आहे. सेक्टर सातचा पत्ता सांगाचा, ध्यानात ठेव वो ममता."

१२ मे
ममताला भरती केलं. तपासणीत कावीळच.
तिचा कागद दुपारी माझ्या टेबलावर आला. नाव, वय, सेक्टर सात, स्ट्रीट अमुक. पिवळी टिकली बोटावर घेऊन फळ्यासमोर किती वेळ उभी होते माहीत नाही. सेक्टर सातला लावली असती तर कुणाला काही कळलं नसतं. मला ते जमेना, बस.
नकाशाबाहेर, सागाच्या चौकटीवर, कुम्हारी जिथे असायला हवी तिथे लावली. मग बाकीच्या सात उचलल्या, त्याही तिथेच. आठ टिकल्या, एकीला एक लागून.

१३ मे
साहेब चहाचा कप घेऊन आले. चौकट बघितली.
"ये फ्रेम पर क्या गिर गया?"
"गिरा नहीं सर. ये आठों एक ही कुएँ का पानी पीते हैं."
कप तसाच हातात राहिला. फळा बनवताना मी हेच तर ठरवलं होतं, माणसाला उभ्याउभ्या कळलं पाहिजे. कळलं. मग त्यांचा चेहरा साहेबाचा झाला.
"मैडम, बिना पते के कुएँ पर टीम नहीं भेज सकता. लिख के दीजिए, कौन-सा मकान, किसके नाम कौन-सा क्वार्टर. कल दस बजे तक. नहीं तो परसों भोपालवाले आने से पहले ये बिंदियाँ वापस अपनी जगह." दारातून वळून म्हणाले, "आपका घर किधर है, वैसे?"
मी म्हटलं, उसी लाइन में.

१४ मे, सकाळ
ड्यूटीवर जायच्या आधी हे माझ्यासमोर येऊन उभे राहिले. कोरा कागद बघितला. "लिहिणार?" म्हणाले. मी हो म्हटलं. चपला घालून गेले. डबा ओट्यावरच आहे. विसरले की ठेवून गेले, कळत नाही.
मोटार सुरू आहे, टाक्या भरताहेत, इथपर्यंत आवाज येतो. पावणेनऊची बस गाठायची आहे.
एक नंबरला आमचं लिहिलं. यांचं नाव, प्लांटचा टोकन नंबर, क्वार्टर. अक्षर चांगलं आलं.
दोन नंबरला कटरे. क लिहिला तेवढ्यात काकू दारात. हातात वाटी, विरजण हवं. रात्रभर दवाखान्यात बसून आल्या आहेत, ममतानं दोन चमचे पेज घेतली म्हणून सांगतात. डोळे सुजलेले, तरी हसताहेत. "तुह्यामुळं लवकर नेलं वो पोरीले. काय लिहून राहिली सकाळी सकाळी?"
कागदावर हात ठेवला आहे. विरजण द्यायला उठायचं तर हात उचलावा लागेल, आणि काकूंना वाचता येतं.