चांद्याचा खांदा

१२ ऑगस्ट
आज देवाशी कडाक्याचं भांडण! गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून आमची सून अर्पिता मला काडी उचलू देत नाही. शेतात निंदायला जाते म्हटलं—"तुम्ही बसा, आई." डाळ निवडते म्हटलं—"तुम्ही बसा." देवाला विचारलं, बनवलंस तू, दोन वेळ खाऊ घालतोस तू, मग काम सांग ना! नुसतं कशाला पोसतोस?

१३ ऑगस्ट
उत्तर नाही. देवापुढचा दिवा बंद. खडीसाखरही बंद.

१४ ऑगस्ट
अर्पिताने गुपचूप दिवा लावला. घरातच फितूर!

१६ ऑगस्ट
माझा मुलगा गोपाल गोठ्याकडे बघत म्हणाला, "पोळा झाला की चांद्याले गोरक्षणात सोडून देतो."
चांद्या आमचा शेवटचा बैल. जोडीदार गेल्या साली गेला, शेत ट्रॅक्टर बघतो, आणि चांद्या बसून असतो. माझ्यासारखाच. फक्त त्याला कोणी "बसा" म्हणत नाही.
"काहून?" मी ठसक्यात विचारलं.
"काही कामाचा राह्यला का तो? तुले काय काम पडते त्याचं?"
"काही नाही. माहा हाय तो. मी वाढवला, मीच चारीन!"
बोलले आणि जीभच चावली. अरे लबाडा देवा! मी तुला इतके दिवस विचारत होते, त्याचं उत्तर माझ्याच तोंडून काढून घेतलंस? मी तुझी आहे म्हणून पोसतोस. काम नंतरचं. एवढ्यासाठीच जगायचं, तुझं म्हणून!
रडू आलं, खोटं कशाला बोलू. फार हलकं वाटलं. संध्याकाळी दिवा लावला. खडीसाखरेचा मात्र एकच खडा ठेवला. जास्त शेफारायला नको.

१८ ऑगस्ट
आता मी देवाची म्हणून बसते. बसण्यात काय रुबाब आलाय! अर्पिता घाबरून म्हणाली, "आई, तब्येत बरी हाय ना?"
पण गोपाल ऐकत नाही. देवा, माझ्या डोक्यात घातलंस तसं त्याच्याही डोक्यात घाल.

१९ ऑगस्ट
देवावर सगळा भार टाकणं बरं नव्हे. मीच पिशवी भरली—दोन लुगडी, चष्मा, गुडघ्याचं मलम. गोठ्यात चांद्याच्या शेजारी नेऊन ठेवली.
"हे काय, माय?"
"मीबी कायच्याच कामाची नाही. आमाले संगंच सोड."
गोपाल न जेवताच बाभुळगावला निघून गेला. जरा जास्तच झालं का?

२१ ऑगस्ट, पोळ्याचा आदला दिवस
खांदशेकणी. वर्षभर जू ओढलेला खांदा आज गरम पाण्याने शेकायचा, हळद-तूप चोळायचं. गोपाल म्हणाला, "औंदा मानेवर जूच नाही, तं खांदा कायले शेकतं?" आणि फाटकाबाहेर गेला.
मी आणि अर्पिताने शेकला. पळसाच्या पानाने तूप चोळलं. मग चांद्याच्या कानात दरवर्षीचं आमंत्रण सांगितलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." त्याने कान हलवला. उद्या जेवेल, आणि परवा?

२१ ऑगस्ट, दिवेलागण
ओट्यावर बसले होते. गोपाल मागून आला. वाटीतलं उरलेलं हळद-तूप घेतलं आणि माझ्या खांद्यांना चोळायला लागला.
"आज आवतन घे, माय. उद्या जेवाले ये. चांद्याले संगं आण—औंदाबी, पुढच्या सालीबी."