ओढ्यापलीकडचे चार किलोमीटर

प्रिय आक्का,

आज दुर्गम गावांची नवी यादी आली. आपली वाडी तिच्यात आहे. हे आधी तुलाच सांगावंसं वाटलं, म्हणून ऑफिसातल्या टेबलावरच लिहायला बसलोय.

तुला आठवतं, दोन वर्षांपूर्वी याच यादीचे फॉर्म माझ्याकडं आलते? आरोग्य खात्यात नुकता लागलो होतो. एक रकाना होता, गावापासून दवाखाना किती लांब. जुन्या कागदावर आपल्या वाडीपुढं चार किलोमीटर लिहिलेलं. फोनवर सहज बोललो, तर तू उखडलीस.

"चार कुठनं रं? ओढ्याला पाणी आलं की साकव बुडतोय. मग घाटानं वळसा घालावा लागतोय. इसरलास व्हय?"

"आक्का, उन्हाळ्यातलं अंतर धरत्यात," मी म्हणालो.

असा नियम मला कुणी सांगितला नव्हता. जुना आकडा उतरवला की काम संपत होतं, एवढंच. यादीतल्या गावांना पावसाळ्यात गाडी आणि नर्स मुक्कामाला मिळते, हे मला माहीत होतं. तरी चारच लिहिले.

गेल्या आषाढात तू बांधावर गवत कापत होतीस. दाजींचा फोन आला, "बाळू, आक्काला साप चावलाय. साकव पाण्याखाली हाय." चौघांनी तुला खुर्चीत बसवून घाटाच्या वाटेनं नेलं. मधेच तू विचारलंस म्हणे, "आला का दवाखाना?" दाजी म्हणाले, "हे काय, आलाच." पोचेपर्यंत तू गेली होतीस. लस तिथं फ्रीजमध्ये होती.

दाजींनी मला कधी बोल लावला नाही. फॉर्म कुणी भरला हे त्यांना ठाऊकच नाही. तुला ठाऊक होतं. नवऱ्यालाही का सांगितलं नाहीस? एवढं कशाला झाकलंस मला?

यंदा फॉर्म आले तेव्हा भर पावसात वाडीवर गेलो आणि तुला नेलं त्याच वाटेनं चालत दवाखाना गाठला. अकरा किलोमीटर भरले. आणखी एक रकाना होता, वेळेत उपचार न मिळाल्यानं गावात झालेले मृत्यू. आपल्या वाडीपुढं शून्य होतं. तुझी नोंद दवाखान्याच्या गावात झालीय, म्हणून. मी शून्य खोडून एक लिहिलं. 

साहेब म्हणाले, "मागच्या वेळचंच राहू दे की. कशाला खाडाखोड?"

"साहेब, ती माझी बहीण होती."

त्यांनी कागद पुढं ओढला. मग सही केली.

आता पावसाळ्यात वाडीत गाडी उभी राहील. तुझ्यासाठी उभी राहायला हवी होती, हे काही केल्या मनातनं जात नाही.

इथून पुढं चालून बघितल्याशिवाय एकाही वाडीचं अंतर लिहिणार नाही. आणि रविवारी घरी येतोय. दाजींच्या समोर बसून, ते चार किलोमीटर कुणी लिहिले होते, ते माझ्या तोंडानं सांगणार आहे.

तुझा धाकटा,
बाळू