वीस नंबरचे दात

९ डिसेंबर, सोमवार

वीस नंबरचा नमुना पुन्हा धुऊन गेला! तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच. बाकी एकोणीस जणांच्या दातांवरचे जंतू कोलाजनच्या थरावर कमी-जास्त चिकटतात. जांभळा रंग टाकला की दिसतात. प्लेटमधली वीस नंबरची खळगी काचेसारखी स्वच्छ. उपटलेल्या दाताच्या कडक कवचाच्या चकतीवर मात्र तो थोडाफार टिकतो. म्हणजे जिवंत आहे, फक्त कोलाजन धरत नाही.

हिरडी मागे सरली की दाताच्या मुळातलं कोलाजन, हे धागेदार प्रथिन, उघडं पडतं. तिथे पकड मिळाली की जंतू सहज हलत नाही. न धरणारा जंतू कुणाच्या तोंडात असेल, आणि का ते कळलं, तर — पुढचं लिहीत नाही.

आनंद झाला. चेहऱ्यावर येऊ दिला नाही.

१० डिसेंबर, मंगळवार

श्रीकृष्ण सरांना आकडे दाखवले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "अनघा, पेपर यावरच उभा करू. सोमवारी गोषवारा पाठव." मी म्हटलं, आधी माणूस पाहते. "माणूस कशाला? आकडे आहेत ना!"

फॉर्मवर एवढंच: पुरुष, ५८, दात ३२, तंबाखू नाही. नाव लिहायचं नाही हा नियम माझाच. एकोणीस नमुने मी स्वतः दिग्रसला जाऊन घेतले. विसाव्याच्या दिवशी मी तापाने पडले होते. तो आमच्या प्रयोगशाळेतल्या किसनरावांनी आणला.

अठ्ठावन्नाव्या वर्षी बत्तीसच्या बत्तीस! बघायलाच हवेत.

११ डिसेंबर, बुधवार

किसनरावांना विचारलं. "तो मानूस उमरखेडले गेला, मॅडम." कधी येणार? "सांगता नाई येत." पत्ता? "पत्ता कायले? नमुना भेटला ना तुमाले!" हसले. ओठ मिटून, नेहमीसारखे.

१२ डिसेंबर, गुरुवार

भाजलेल्या शेंगा नेल्या होत्या. किसनरावांपुढे केल्या. "उपास हाय, मॅडम." उपासाला शेंगदाणे चालतात. आणि नंतर चहात बुडवून बिस्किट खाल्लं, ते? माणसांना प्रश्न विचारणं मला जमत नाही.

दिवस छान गेला. थंडी बेताची. नव्या प्लेट एकदम एकसारख्या निघाल्या.

१४ डिसेंबर, शनिवार

गोषवारा लिहून झाला. चांगला झालाय. "संपूर्ण नैसर्गिक दात असलेल्या व्यक्तीकडून घेतलेला नमुना" — इथे थांबले. ते दात मी पाहिलेले नाहीत.

किसनरावांना सांगितलं, हा कागद सोमवारी माझ्या नावाने जाणार. खोटा निघाला तर मला परत कुणी दारात उभं करणार नाही. ते टेबल पुसत राहिले. पुसलेलंच टेबल!

"मॅडम, तुमी लिवून देलतं, दातावरून घ्या. मी दातावरूनच घेतला."

हो, मग?

"काई नाई."

१६ डिसेंबर, सोमवार

वीस नंबर काढला.

सर म्हणाले, "वेडी आहेस का? त्याच्याशिवाय उरतं काय?" एकोणीस उरतात, म्हटलं. ते सगळे मी पाहिलेत. सर चिडले, सही केली. गोषवारा गेला. साधा आहे, कुणी उठून बसणार नाही. पण एकेक ओळ माझी आहे. वाटलं होतं त्यापेक्षा बरं वाटतंय.

किसनराव दारात उभे होते. ऐकलं असावं. चहा न देताच गेले.

१७ डिसेंबर, मंगळवार

सकाळी किसनरावांनी दार लोटलं, पाठ फिरवून तोंडात हात घातला आणि मग वळून माझ्या टेबलावर धुतलेली काचेची बशी ठेवली. बशीत वरची-खालची कवळी. "विसावा मानूस आलाच नाई, मॅडम. तुमाले तं वीस पायजे होते." तोंडावर रुमाल. "सरायले सांगू नका. म्हातारा म्हनून घरी बसवतीन."

सांगणार नाही. त्या जंतूला दातांची मुळं कधी मिळालीच नव्हती. धरायला होतं ते प्लास्टिक. कदाचित. एका कवळीवरून काही सिद्ध होत नाही.

दात मोजले. अठ्ठावीस!

उद्या शेंगा नकोत. कूट नेईन.