खुडण्याआधी वाच

अल खोर, कतार
एप्रिल

प्रिय नबीला,

सलाम आणि खूप दुवा. हे पत्र हाताने लिहून त्याच्या पानांचे फोटो तुला पाठवतोय. व्हॉइस नोट तू दुप्पट वेगाने ऐकतेस हे मला ठाऊक आहे, आणि फोनवर काही विचारलं की ‘आय अ‍ॅम फाइन, अब्बा’ म्हणून मोकळी होतेस. माझं अक्षर दुप्पट वेगाने वाचणं मात्र अजून कुणाला जमलेलं नाही. तेव्हा सावकाश वाच. विषय तू फोटो पाठवलेल्या, घरी अळंबी उगवायच्या त्या पिशवीचा आहे. पत्र संपेपर्यंत पिशवीतलं काही खुडायचं नाही, एवढं आधी कबूल कर आणि मग पुढे जा.

इकडे सगळं बरं आहे. ऊन तापायला लागलंय, शेडचे कूलर आता दिवसभर कण्हत असतात. दोह्यात वेस्ट बेच्या एका हॉटेलात नवा शेफ आलाय, त्याने आपल्या अळंब्यांचे क्रेट परत पाठवले. म्हणे कडा वळल्यात. मी स्वतः गेलो आणि त्याला दाखवलं की कडा शेतावर वळलेल्या नाहीत, त्याच्या फ्रिजच्या पंख्यासमोर वळल्यात. क्रेट दुसऱ्या फळीवर ठेवून घेतले तेव्हाच उठलो. आमची थंड गाडी चालवणारा जालिंदर परत येताना म्हणाला, “कासमभाई, तुमी अळंबी इकाया येता का परीक्षा घ्याया?” जालिंदर तुला माहीत आहे, बीडकडचा, माझ्या खोलीतला जोडीदार. तो या पत्रात पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून आत्ताच आठवण करून दिली.

तुला हेही माहीत आहे की माझ्याकडे या कामाचा कुठलाही कागद नाही. आयटीआय करून एसी मेकॅनिक झालो आणि या शेतावर कूलर दुरुस्त करायला आलो. आत शिरलो तर बाहेर वाळवंट आणि आत पावसाळ्यातल्या जंगलासारखी ओल, पेंढ्याच्या पिशव्यांतून पांढरे गुच्छ लोंबत होते. मी विचारलं, ही एवढी थंडी कुणासाठी? ज्या फिलिपिनो माणसाने उत्तर दिलं तो पुढे सोडून गेला, तोवर मी सगळं उचललं होतं. बाकीचं वाचून, चुकून आणि पिशव्या सडवून शिकलो. तू दापोलीला शेतकीला गेलीस, मग हॉलंडला, आणि आता तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. तरी एखादी अळंबी ओळखायची झाली की तू मलाच विचारतेस, याचा मला किती गर्व आहे ते तुझ्या अम्मीला विचार.

म्हणून तुझा फोटो आला, ‘Abba, which variety is this? माझ्या मैत्रिणीच्या खोलीत आहे’, तेव्हा मी फुललो. दुसरं काही मनातच आलं नाही. दांडा पाहिला, छत्री पाहिली, दांड्याला जिथे धक्का लागला होता तिथला निळा डाग पाहिला आणि लगेच तुला लांबलचक व्हॉइस नोट पाठवली. जात सांगितली, वर पिशवीत ओल जास्त दिसते, मैत्रिणीला सांग, हेही सांगितलं. एखाद्या हकिमाला नाडी दाखवावी आणि त्याने माणसाकडे न बघता मनगटाची तारीफ करावी, तसं झालं. ती व्हॉइस नोट पुसून टाक. जे सांगायला हवं होतं ते खाली लिहितो.

ती भाजीची अळंबी नाही, भास दाखवणारी आहे, आणि ती जात रानातली नाही, माणसाने जुळवलेली आहे. दोन जातींचा संकर. त्यातली एक गरीब स्वभावाची, कुठेही वाढणारी, मोठी होणारी. दुसरी जाड दांड्याची, छत्री धड न उघडणारी आणि फार कडक. तिचं नाव असं आहे की बापाने लेकीला लिहू नये. या दोघींच्या संकराला त्यांनी भरतीच्या लाटेचं नाव दिलं. नाव छान आहे. पण संकर म्हणजे काय हे मी तुला सांगायला नको. दोन्हीकडचे गुण येतात, ते कुठल्या फळात किती आले हे वरून दिसत नाही. माझ्या साध्या, भाजीच्या अळंबीत एकाच पिशवीतला पहिला बहर आणि दुसरा बहर सारखे नसतात. त्या जातीचं तर अमेरिकेत लोकांनी प्रयोगशाळेत मोजून पाहिलंय, एकाच नावाखालचे दोन नमुने, एक दुसऱ्याच्या कितीतरी पट कडक. गोळीवर मिलिग्रॅम लिहिलेलं असतं. या दांड्यावर काही लिहिलेलं नसतं. ‘थोडंसंच घेईन’ असं कुणी म्हणालं, तर थोडं म्हणजे किती हे त्याला माहीत नसतं, मलाही नाही.

आता तिच्या मूळ घराण्याबद्दल, कारण एखादी गोष्ट कुठून आली हे कळल्याशिवाय ती समजत नाही, असं माझं मत आहे. मेक्सिकोच्या दक्षिणेकडच्या डोंगरांत मासातेक नावाचे लोक राहतात. ते या अळंब्यांना पवित्र लेकरं म्हणतात. त्यांतही आपल्या डोंगरातल्या छोट्या जाती ते वरच्या मानतात. ही शेणावर उगवणारी, जिच्यापासून तुझ्या फोटोतला संकर झाला, ती स्पॅनिश लोकांच्या गुरांबरोबर आली असावी असं काही अभ्यासक म्हणतात. तिकडे तिला नांगरणाऱ्यांच्या संताचं नाव आहे, आणि मान थोडा कमी. म्हणजे बघ, जगभर पिशव्यांतून विकली जाते ती त्यांच्या लेखी दुय्यम. ती मजेसाठी कुणी खात नसे. घरात आजारपण असेल, काही हरवलं असेल, किंवा दूरदेशी गेलेल्या माणसाची खबर नसेल तर खायची. जोडीजोडीने, अंधारात, देवासमोर. आणि एकट्याने कधीच नाही. एक जाणतं माणूस जवळ बसतं, गातं, दुवा मागतं आणि उजाडेपर्यंत जागचं हलत नाही. मी यावर जे जे सापडलं ते वाचलंय. जाती वेगळ्या, गाणी वेगळी, गावागणिक रीत वेगळी, पण बसणारं माणूस सगळीकडे आहे. पिशवी विकणाऱ्यांनी बाकी सगळं पिशवीत भरलं, तेवढं माणूस भरायचं राहिलं.

पाद्र्यांनी बंदी घातली तरी ही रीत चारशे वर्षं लपून टिकली. मग गेल्या शतकाच्या मध्यावर एक अमेरिकन बँकवाला तिथे पोचला. मुलगा दूर आहे, त्याची काळजी वाटते, खबर हवी, असं सांगून त्याने एका बाईच्या घरात जागा मिळवली. परत जाऊन मासिकात लिहिलं. त्यामागून हौशी लोकांचे लोंढे आले, गाव नासलं, आणि ज्या बाईने त्याला बसू दिलं तिचं घर कुणीतरी पेटवून दिलं. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा म्हटलं, बेशरम माणूस, मुलाच्या काळजीचीही सबब करतो.

तुला ताहेरुन्निसा खाला आठवते? वाडीत रानातली अळंबी ओळखणारी तीच एक. वारुळावरची रोवणाची अळंबी टोपलीभर घेऊन यायची आणि कुणालाही हात लावू द्यायची नाही. तिच्याकडची रीत ठरलेली होती, आणणाऱ्याने आधी शिजवून खायचं, घरातल्या एकाने समोर बसून राहायचं आणि पुढच्या नमाजापर्यंत खाणारा ठीक असेल तर मग बाकीच्यांनी ताटं घ्यायची. शास्त्राच्या दृष्टीने ही रीत कुचकामी आहे, हे मी तिच्या तोंडावर सांगितलंय. काही विषारी अळंब्या दुसऱ्या दिवशी उलटतात, तोवर सगळ्यांनी जेवून घेतलेलं असतं. ती म्हणाली, “कासमा, तू दोह्याचा डॉक्टर ना रे? मग तूच खा आधी.” आणि समोर बसायला तू हट्ट करायचीस. फ्रॉक गुडघ्यांवर ओढून, तिच्या तोंडाकडे टक लावून. मी सुट्टीवर आलो होतो तेव्हा स्वतः ऐकलंय. दर थोड्या वेळाने तू विचारायचीस, “खाला, मेलीस काय?” आणि ती म्हणायची, “नाय गो बाय. मेले तर तुला आधी सांगेन.” अम्मी तुला रागवायची, असं अभद्र काय बोलतेस म्हणून. खाला म्हणायची, रागवू नको बिलकिस, समोर बसणाऱ्याचं कामच ते आहे, विचारत राहायचं.

आता जालिंदरचं. परवा तुझा फोटो मी त्याला दाखवत होतो. दाखवत कसला, मिरवत होतो, की बघ माझी पोरगी मला काय काय विचारते. अळंबीकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, “आवो, आपल्या टीव्हीवरचं फडकं तिकडं कसं गेलं?”

आमच्या टीव्हीवर जो रुमाल आहे, हिरव्या दोऱ्याच्या वेलीचा आणि कोपऱ्यात एक पान उलटं भरलेला, तो अम्मीने जोडीने भरला होता. एक माझ्यासाठी, एक तुझ्यासाठी. उलटं पान दोन्हींत आहे, कारण पहिल्यात चुकलं तर तिने दुसऱ्यातही मुद्दाम तसंच भरलं. मी फोटो मोठा करून पाहिला. दांड्यावरचा निळा डाग मला दिसला होता, पिशवीखालचं उलटं पान दिसलं नव्हतं. मैत्रिणीची खोली नाही ती, नबीला. तुझं टेबल आहे.

मग मी बाकीचा फोटोही पाहिला, जसा आधी पाहायला हवा होता. मागे पडदा ओढलेला, आणि फोटोवरची वेळ भर दुपारची. कडेला गोळ्यांची पट्टी, एकही गोळी न काढलेली. नाव अर्धं दिसत होतं. अल खोरच्या मेडिकलवाल्या मल्याळी पोराला ते दाखवलं. तो म्हणाला, चाचा, ये उदासी के लिए है, किसका है? मी म्हटलं, एका ओळखीच्यांचं. तू मला मैत्रीण सांगितलीस, मी त्याला ओळखीचे सांगितले. घराण्याचा गुण.

मग सगळं सरळ लागलं. ईदला तू कॅमेरा बंद ठेवलास, नेटवर्क नाही म्हणालीस. अम्मीला म्हणालीस थंडीने गळून गेल्यासारखं वाटतं, आणि ती तुला मेथीचे लाडू पाठवायच्या मागे लागली. गोळ्या का घेतल्या नाहीस तेही मला वाटतं कळलं. त्या पिशवीबरोबर या गोळ्या चालत नाहीत असं लोक लिहितात, ते मीही वाचलंय. म्हणजे तू दोन्ही समोर ठेवून विचार करत बसली आहेस. वरून मला फोटो पाठवलास. जातीचं नाव तर पिशवीवर छापलेलंच असतं, नबीला. हे मला आता सुचतंय.

या अळंबीतल्या औषधावर दवाखान्यांत अभ्यास चालू आहेत आणि काहींना उतार पडला, हे मी नाकारत नाही. पण तिथेही आधी तपासतात, मोजून देतात आणि दोन माणसं दिवसभर शेजारी बसतात. तुझ्या डॉक्टरला विचारायचं असेल तर मी तुझ्याबरोबर येऊन विचारीन, माझं इंग्रजी हसण्यासारखं असलं तरी. हे हराम की हलाल हे मी या पत्रात काढत नाही. ते बोलायला आपल्याला पुढे पुष्कळ वेळ आहे, इन्शाल्ला. अम्मीला मी एवढंच सांगितलंय की पोरीची तब्येत जरा नरम आहे. बाकीचं तू सांगशील, किंवा नाही सांगणार. ते तुझं.

आता हे पत्र का लिहिलं ते. शेतावर सुट्टी टाकली आहे. आमचा मुदीर, म्हणजे मॅनेजर, म्हणाला, कासम, हंगामात? मी म्हटलं, हंगामातच. खलास. जालिंदर शेड बघेल. ओल आणि हवा त्याला पाठ करून दिली आहे. तो म्हणतो, “माज्या हातानं मेल्या तर अळंब्या मरतील, तुमी जा.” तुझ्याकडे एकदा यायचं म्हणून व्हिसासाठी वेस्ट बेला बोटांचे ठसे मागच्या महिन्यातच दिले होते, तो आज आला. गुरुवारी संध्याकाळी तुझ्याकडे पोचतो. त्या बँकवाल्याला मी बेशरम म्हटलं होतं. त्याला घरात शिरायचं होतं म्हणून त्याने मुलाची काळजी सांगितली. मी लेकीच्या काळजीने येतोय, आणि अळंबीची सबब सांगत इतकी पानं लिहिली. येताना टीव्हीवरचा रुमाल आणतोय, जोडी एकत्र होईल. मी दार वाजवीपर्यंत पिशवीला हात लावू नकोस. ती आपण दोघं मिळून बाहेर टाकू. गोळ्या आजच सुरू करायच्या की कसं, ते डॉक्टरला आजच फोन करून विचार, त्यासाठी माझी वाट बघू नकोस. मी पोचण्याआधी अगदीच जड झालं तर कुठल्याही वेळी तिथल्या दवाखान्यात जा किंवा मला फोन कर, मी उचलतो. आल्यावर मी तुझ्यासमोर खुर्ची घेऊन बसेन. काही शिकवणार नाही, प्रयत्न करीन. फक्त दर थोड्या वेळाने विचारीन, नबीला, आहेस काय? तू ‘फाइन’ म्हणू नकोस. ‘आहे’ म्हण. आणि ही पानं पोचली की आत्ताही तेवढंच लिहून पाठव, ‘आहे’. फोन माझ्या हातातच आहे.

तुझाच, समोर बसायला निघालेला,
अब्बा