विकला गेलेला फ्लॅट

मंगळवार, संध्याकाळ

अजून डोकं शांत होत नाहीये. जुळे सोलापुरातला तो फ्लॅट, स्वयंपाकघराच्या खिडकीशी कडुनिंब असलेला, आम्हा दोघांनाही बघताक्षणी आवडला होता. दुसऱ्याच दिवशी एजंट पाटील म्हणाला, "वहिनी, तो गेला की!" आणि आपल्या मेहुण्याचा फ्लॅट गळ्यात मारायला लागला. मी किती हळहळले!

आज दुसरे एजंट, शेखभाई, आम्हाला घेऊन गेले ते त्याच दारात. तोच कडुनिंब! हे घर आधी पाटलानं दाखवलं होतं, हे मी तिथंच सांगून टाकलं. शेखभाईंनी लगेच मालकांना फोन लावला. मालक म्हणाले, "विकलं? मला तर कुणी विचारलंसुद्धा नाही."

घरी पोचतोय तोवर पाटलाचा फोन. मालकांनीच त्याला विचारलं असणार. "दुसऱ्या एजंटाबरोबर फिरताय म्हणं. वहिनी, इमानदारी काय हाय का न्हाय?"

इमानदारी! आणि ही यानं शिकवायची? अजून दोघांकडे चौकशी चालू आहे, हे आम्ही त्याला सुरुवातीलाच सांगितलं होतं. लपवलं कुणी? मी सरळ विचारलं, "विकलेल्या घराची किल्ली शेखभाईंकडे कशी?"

तर म्हणतो कसा, "बरं, ते जाऊ द्या. मेहुण्याचा फ्लॅट कधी फायनल करायचा?"