गार असेल तरच वायू राहतो

अण्णा, मी बिअर बनवते. आधी हेच सांगून टाकते, म्हणजे काय ओरडायचं ते ओरडून घ्या. आपल्या सोड्याच्या दुकानात कुणी सोडा घेऊन खिशातली दारूची बाटली काढली तर तुम्ही त्याला दंडाला धरून रस्त्यावर काढायचात. आणि तुमची पोरगी इथे जर्सी सिटीत, भाड्याच्या घराच्या बेसमेंटमध्ये, जवाचा पाक उकळते, यीस्ट घालते, बादलीत आंबवते. पीत नाही. चवीपुरता घोट घेते, तोही कडूजार. तुमचे जावई कारखान्यात रात्रपाळी करतात, सकाळी येऊन झोपतात. पोरगा कॉलेजला, दुसऱ्या गावी. मला इंग्रजी येत नाही. सोडा भरायच्या मशीनचं चाक फिरवायला माणूस हवं म्हणून चौथीतून तुम्हीच काढलंत शाळेतून. मग दिवसभर करायचं काय मी?

नाद ह्यांचाच. कारखान्यातल्या कुणाचं तरी बघून सामान आणलं, दोनदा बनवली आणि बाटल्या धुवायला कंटाळले. मग भंगारातून सोडा कंपनीचं जुनं स्टीलचं पिंप घेऊन आले. इथे केग म्हणतात त्याला. बिअर त्यात ओतायची, झाकण आवळायचं, सिलिंडरमधून वायू सोडायचा, बाटल्यांची कटकटच नाही. तो सिलिंडर जिन्यावरून खाली आला. तुमच्या शेडच्या कोपऱ्यात साखळीनं बांधलेला असायचा तसाच. तुम्ही तोंडावर तारेची जाळी बांधून उभे आहात, बाटली लोखंडी पिंजऱ्यात अडकवलीय, मी चाक फिरवतेय, आणि गोटी टक्कन तोंडाशी बसते. माझा हात लगेच बाटलीकडे जातो, आणि तुम्ही ओरडता, "भरल्या भरल्या उघडतात का गं? दम म्हणून नाही!"

दम तेव्हा नव्हता, आताही नाही. ह्यांनी पुस्तकात वाचून सांगितलं, वायू बेतानं सोडायचा आणि आठवडाभर थांबायचं. मी म्हटलं, आठवडा कशाला? आमच्या अण्णांची बाटली चार फेऱ्यांत भरायची. ऑगस्टचा उकाडा होता. वायू पूर्ण सोडला, पिंप आडवं केलं, पायानं गडगडा लोळवलं, उभं करून नळीवाला नळ जोडला आणि उघडला. फेसच फेस. भिंतीवर, वाळत घातलेल्या शर्टांवर. हे झोपेतून उठून खाली आले.

"तुझ्या बापाचा सोडा आहे का हा?"

"बापाचं नाव काढू नका. आणि पाय जपून टाका, पडाल."

पडलेच. बसल्या जागी हसायला लागले, मग मीही. त्या उन्हाळ्यात आम्ही दोघं हसलो ते तेवढंच. फरशी पुसताना मला आठवलं, तुम्ही आधी बर्फाची लादी फोडायचात. "गार असेल तरच वायू राहतो, नाहीतर उडून जातो," असं फोडता फोडता म्हणायचात. मला नाही, त्या बर्फालाच सांगितल्यासारखं.

पोराला फोनवर सांगितलं तर तो ओरडला, "यू मेक बिअर? आई, नो वे!" आणि हसला. किती दिवसांनी. आदल्या थँक्सगिव्हिंगला, म्हणजे इथल्या नोव्हेंबरातल्या सणाला, तो मित्राच्या घरी गेला होता, साधा फोन नाही. आता म्हणाला, यंदा सणाला येतो, चार दिवस राहतो. मला तेवढंच हवं होतं. पिंप मागच्या पोर्चवर थंडीत ठेवलं. सांध्यांना साबणाचा फेस लावून बघितला, तुम्ही रिठ्याचा लावायचात तसा. एका जागी बुडबुडा आला, म्हणजे वायू गळत होता, झाकण काढून परत आवळलं. वायू बेताचा ठेवला आणि आठवडाभर हात लावला नाही. मी, अण्णा.

पोरगा आला, ग्लास भरून घेतला, वर बोटभर पांढरा फेस. "इट्स गुड. आई, इट्स रिअली गुड!" दुसरा ग्लास घेऊन तो तिथेच पायरीवर बसला. मी त्याला तुमचं सांगत होते, शेड, बर्फ, जाळी.

"बाटली फुटायची?"

"फुटायची तर! आजोबांच्या हनुवटीवर वण होता."

त्यानं स्वतःच्या हनुवटीवरून बोट फिरवलं. असं तो कधी माझं ऐकत बसला नव्हता. मग त्याला मित्राचा फोन आला. सकाळी म्हणाला, "फ्रेंड्सना ट्राय करायचीय. केग नेऊ?" मी म्हटलं, ने. काय म्हणणार? चारातला एक दिवस झाला होता. त्यानं पिंप मागच्या सीटवर ठेवलं, लहान मूल बसवतात तसं पट्ट्यानं बांधलं, आणि गेला.

संध्याकाळी फोन. "आई, नळ तिकडेच राहिला, नळीवाला."

"इथे आहे. ये न्यायला. मटण ठेवलंय तुझं."

"इट्स ओके. इथे एकाकडे आहे."

मटण आम्ही दोघांनी खाल्लं. हे म्हणाले, चांगली झाली असेल गं, म्हणून तर नेली. मी म्हटलं, तुम्ही जेवा.

तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, हे पत्र टाकायचं कुठं? आणि तुमच्याशिवाय कुणाला सांगू? नळ पोर्चवर राहिलेला मी गाडी सुरू व्हायच्या आधीच बघितला होता. हाक मारली नाही.